जामीन मंजूर होऊनही भाऊ कारागृहात आहे, जामीनदाराबाबत मदत हवी आहे

मांजराकाठ
माझ्या धाकट्या भावाला दिवाळीपूर्वी जामीन मंजूर झाला, तरीही तो अजून कारागृहातच आहे. वकीलसाहेब स्थानिक जामीनदार आणायला सांगतात आणि आमचे सगळे नातलग लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात आहेत. वडील जमिनीचा सातबारा घेऊन न्यायालयात गेले होते, परंतु त्यांना परत पाठवण्यात आले. आता नेमके काय करायचे, हे कृपया लवकर सांगावे.

कायदेवाचक
ताई, कलम कोणते आहे, न्यायालय कोणते आहे आणि जामिनाची रक्कम किती आहे, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. भावावर दुसरा एखादा गुन्हा प्रलंबित आहे का? त्यावर बरेच अवलंबून आहे.

सह्यकडा
नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नसेल, तर त्याला आपोआप जामिनाचा हक्क मिळतो. माझ्या मेहुण्याच्या प्रकरणात आम्ही तसाच अर्ज केला होता आणि तो लगेच मंजूर झाला. तुम्हीही तोच करावा.

कायदेवाचक
सह्यकडा, ही मुदत सरसकट नव्वद दिवसांची नसते. मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी ती नव्वद दिवस आणि इतर गुन्ह्यांसाठी साठ दिवस असते. शिवाय जामीन मंजूर झालेला आहे, असे ताईंनी पहिल्याच वाक्यात लिहिले आहे. अडचण सुटकेची आहे.

मांजराकाठ
भाऊ ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या एका गोदामात कामाला होता. तेथील माल कमी भरला म्हणून मालकाने तक्रार दिली आणि भारतीय न्याय संहितेचे कलम 306, म्हणजे नोकराने केलेली चोरी, लावण्यात आले. यापूर्वी त्याच्यावर एकही गुन्हा नाही. रक्कम 25,000 रुपये आहे.

चाकरमानी_ठाणे
न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारी माणसे भेटतात. आमच्या चाळीतील एका मुलाची सुटका त्याच दिवशी झाली होती. तत्त्वाच्या गोष्टी नंतर करता येतील, आधी मुलगा घरी आणा.

कायदेवाचक
हा सल्ला कृपया कोणीही मानू नये. अशा जामीनदारांची शिधापत्रिका आणि सॉल्व्हन्सीचा, म्हणजे आर्थिक ऐपतीचा, दाखला पुष्कळदा बनावट निघतो, आणि तसे उघड झाले तर जामीन रद्द होऊन भावावर फसवणुकीचा नवा गुन्हा दाखल होऊ शकतो. आज ज्या मुलावर एकच खटला आहे, त्याच्यावर उद्या दोन होतील.

चाकरमानी_ठाणे
ज्याच्या घरचा माणूस आत आहे, त्याला हे ऐकवणे सोपे आहे. गरिबासाठी सरळ मार्ग असता, तर ही माणसे तेथे उभीच राहिली नसती.

जुनी_नोंद
सरळ मार्ग आहे, फक्त तो पक्षकाराला कोणी सांगत नाही. 1978 साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण आले होते. मध्य प्रदेशातील दंडाधिकाऱ्यांनी त्याला 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्या भावाला जामीनदार म्हणून नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर तीव्र नापसंती व्यक्त केली आणि मोतीरामला 1,000 रुपयांच्या वैयक्तिक बंधपत्रावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडण्याचा आदेश दिला. औशाचा सातबारा ठाण्यात चालत नाही, असे सांगणाऱ्यांपुढे हा निकाल ठेवावा. मला या विषयाची मनापासून चीड येते, कारण जामीन देऊन न पेलणारी अट घातली, तर तो जामीन नाकारण्यासारखाच होतो.

सह्यकडा
त्यापेक्षा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 पाहावे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेल्या कैद्याने, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडावे लागते.

कायदेवाचक
कलम 306 ची कमाल शिक्षा सात वर्षे आहे. तिचा एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षे चार महिने. मंजूर जामीन हातात असताना तोवर वाट पाहायची का?

ताई, जामिनाच्या आदेशाची प्रत तुमच्याकडे आहे का? त्यात जामीनदाराविषयी नेमके काय लिहिले आहे?

मांजराकाठ
ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून आदेश आताच उतरवून घेतला. त्यात 25,000 रुपयांचे वैयक्तिक बंधपत्र आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, एवढेच आहे. ‘स्थानिक’ हा शब्द कोठेही नाही.

कायदेवाचक
मग वडिलांना कोणी परत पाठवले? न्यायाधीशांनी की खाली कारकुनांनी? तोंडी नकारावर थांबू नये. वडिलांचा सातबारा, आधार आणि तहसीलदारांचा सॉल्व्हन्सीचा दाखला जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पडताळणी औशाच्या पोलीस ठाण्यामार्फत करावी, अशी विनंती करावी. त्याच अर्जात, जामीनदार नाकारायचा असल्यास रोख रक्कम भरून तात्पुरते सोडावे, अशी पर्यायी मागणीही असावी.

जुनी_नोंद
त्यात 31 जानेवारी 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही जोडावा. जामिनानंतर सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिन्याभरात बंधपत्र सादर झाले नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, याचीही दखल त्यात आहे.

पेन्शनर_वाई
रोख रक्कमही जमत नसेल, तर गरीब कैद्यांसाठी 2023 पासून केंद्राची योजना आहे आणि तिच्यातून कच्च्या कैद्याला जामिनाच्या रकमेसाठी साहाय्य मिळू शकते. निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. प्राधिकरणाकडे विचारावे, हेल्पलाइन 15100 आहे.

मांजराकाठ
वडील म्हणतात की बैल विकून रोख भरू. मी त्यांना थांबवले आहे. आमच्या वकीलसाहेबांनी असा अर्ज करण्यास टाळाटाळ केली, तर सरकारी वकील मिळेल का?

कायदेवाचक
सरकारी वकील आरोपीविरुद्ध खटला चालवतात, म्हणून ते मागू नका. तुम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे लोक अभिरक्षक कार्यालय हवे आहे. कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. भावाने कारागृहातूनच तसा अर्ज द्यावा आणि सध्याच्या वकिलांकडून ना हरकत घ्यावी. त्याआधी एकदा त्यांना हा आदेश दाखवून लेखी अर्जाबद्दल स्पष्ट विचारा.

मांजराकाठ
सोमवारी वडिलांना घेऊन निघते. सॉल्व्हन्सीच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये सातबाऱ्याखेरीज आणखी कोणती कागदपत्रे लागतात, हे औसा किंवा लातूरकडच्या कोणी सांगू शकेल का?