दशांश कुणाच्या वाट्याचा? ‘दिदाखे’ वाचून पडलेला प्रश्न

नगरी वाचक:
‘दिदाखे’ म्हणजे येशूच्या प्रेषितांची शिकवण. पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची लहानशी ख्रिस्ती पुस्तिका. फिलोथेओस ब्रायेनिओस या ग्रीक विद्वानाला १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला तिचं हस्तलिखित सापडलं. फिरते प्रेषित दारात आले तर काय करायचं, हे ११व्या अध्यायात आहे. एक दिवस ठेवून घ्या, गरज असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही, तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले, तरी खोटाच!

आणि आपल्याकडे? चर्चच्या संजीवन सभेला बाहेरचे वक्ते येतात, जुन्या करारातलं मलाखी ३:१० वाचून दाखवतात आणि दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, न देणाऱ्याला शापाची भीती घालतात. माझं मत स्पष्ट आहे. मंडळीनं, म्हणजे आपल्या चर्चनं, दशांशाची सक्ती सोडावी आणि जे अर्पण येईल त्यातून आधी विधवा, आजारी, बेकार यांचं पाहावं. बाकी सगळं नंतर.

पाळकाची लेक:
भाऊ, ११वा अध्याय वाचलात, मग १३व्याच्या आधीच का थांबलात? खरा संदेष्टा तुमच्यात स्थायिक झाला तर खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं, गुरामेंढरांतलं पहिलं पीक त्याला द्या, असं तिथे लिहिलंय. तुमचे महायाजक तेच, असंही म्हटलंय. सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, हे पौलही करिंथकरांना लिहितो. फिरत्या वक्त्याचा नियम गावातल्या पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, लावू नका. माझ्या वडिलांचा पगार महिनोन्महिने थकायचा आणि मंडळीतले लोक त्यांनाच साधेपणावर प्रवचन द्यायचे.

नगरी वाचक:
ताई, १३वा मान्य. पण त्याच अध्यायात पुढे आहे: संदेष्टा नसेल तर ते गरिबांना द्या. इमारतीच्या रंगकामाला द्या असं नाही. टर्टुलियन हा जुना ख्रिस्ती लेखक तर १९७च्या सुमारास सांगतो की महिन्यातून एकदा ज्याला जमेल, ज्याची इच्छा असेल त्यानं द्यावं, जबरदस्ती कुणावर नाही. त्या पैशातून गरिबांचे दफनविधी व्हायचे, अनाथ मुलं, थकलेली माणसं, तुरुंगात आणि खाणीत डांबलेले विश्वासू यांना मदत मिळायची. आपल्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडलाच ना?

पाळकाची लेक:
टिळकांच्या उदारपणात घर कसं चाललं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय. तेही वाचा.

शास्त्र पुरे:
पवित्र शास्त्र हातात असताना दुसऱ्या शतकातल्या पुस्तिका कशाला चाळायच्या? मलाखी शास्त्रात आहे, दिदाखे नाही. विषय संपला.

वसईकर:
इतक्यात कसा संपेल? अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियसनं ३६७ मध्ये नव्या कराराच्या २७ पुस्तकांची यादी दिली, तिच्यात दिदाखे नाही हे खरं. पण नव्यानं विश्वासात येणाऱ्यांनी वाचावं अशा पुस्तकांत त्यानंच ती धरली. मलाखीतला दशांशही मंदिराच्या भांडारात जायचा आणि जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकानुसार दर तिसऱ्या वर्षी लेवी (मंदिरसेवेचा वंश), परका, अनाथ, विधवा यांना पोटभर मिळावं म्हणून वेगळा काढायचा. तो भाग सभेत कुणी वाचत नाही.

नगरी भाऊंनाही एक सांगतो. २५१च्या सुमाराचं रोमचा बिशप कर्नेलियस याचं पत्र चर्चचा इतिहासकार युसेबियसनं जपलंय. वडील (मंडळीचे ज्येष्ठ धर्मसेवक) ४६, डीकन (त्यांचे साहाय्यक) ७, बाकीचे धरून दीडशेहून जास्त सेवक आणि त्यांच्याबरोबर विधवा व अडलेले १५००हून अधिक, एवढ्यांचं पोट ती मंडळी भरायची. इतकं काम नुसत्या भावनेवर झालं नसणार. माणसं नेमावी लागतात, त्यांना खायला घालावं लागतं. मला त्या पत्रात भावतं ते सेवक आणि अडलेले या दोघांमधलं प्रमाण. आपल्या अंदाजपत्रकात ते नेमकं उलटं दिसतं.

नगरी वाचक:
प्रमाणाचं पटलं. मग पाळकाचा पगार पहिला, गरजूंचा निधी दुसरा आणि इमारत शेवटी, असं वार्षिक सभेत मांडू?

पाळकाची लेक:
मांडा. पाहुण्या वक्त्यांचा खर्चही वेगळ्या रकान्यात दाखवायला सांगा. आमच्या मंडळीच्या पंचायतीत तो ‘सुवार्ता कार्य’ या नावाखाली जातो.

शास्त्र पुरे:
दशांश न देणारेच हिशेब मागतात, हे मी कित्येक वर्षं पाहतोय.