कर्ज थकलंय, सिक्युरिटी क्लिअरन्स मिळेल का?

अमेरिकेत डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरकडून ऑफर आलीय, सिक्रेट क्लिअरन्स (सरकारी गोपनीय माहिती हाताळायची परवानगी) लागणारे, पण नवऱ्याच्या आजारपणात क्रेडिट कार्डं थकली आणि एक अकाउंट कलेक्शनला (वसुली एजन्सीकडे) गेलंय. संपलं का सगळं?

— नाही हो ताई. नुसतं कर्ज आहे म्हणून नाकारत नाहीत, गाइडलाइन एफमध्ये, म्हणजे क्लिअरन्स देताना आर्थिक बाबी तपासायच्या नियमात, कर्ज कशामुळे झालं आणि तुम्ही त्याचं काय करताय हे बघतात. आजारपण, नोकरी जाणं ही हाताबाहेरची कारणं धरतात, पण नंतर जबाबदारीने वागलात हे दिसायला हवं. पेमेंट प्लॅन आत्ताच करा, पावत्या जपा.

— क्लिअरन्सच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एसएफ-८६च्या सेक्शन २६मध्ये, गेल्या ७ वर्षांतली १२० दिवसांहून जास्त थकलेली देणी विचारतात, सगळी लिहा प्लीज. क्रेडिट रिपोर्ट ते काढतातच, लपवलेलं सापडलं तर ते कर्जापेक्षा महागात पडतं.

— टॅक्स रिटर्न भरलेत ना सगळे? तेही बघतात.