वेळावदरच्या लांडग्यांसाठी बडोद्याहून मदत: वर्गणी कुठे द्यावी, माणसं कशाला लावावीत?

दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतल्या पंधरा-वीस जणांनी लांडग्यांसाठी वर्गणी काढायचं ठरवलं आहे. अमेरिकेतल्या लांडगा-अभयारण्यांमध्ये स्वयंसेवक लांडग्यांना खाऊ घालतात, आवार साफ करतात, देणगीदार एकेक लांडगा 'दत्तक' घेतात. वेळावदरला (भावनगरजवळच्या काळवीट उद्यानात) असं काही चालतं का? पहाटे निघून तारापूर, वटामण चोकडी, पिपळीवरून गेलं तर रात्रीपर्यंत परत येता येतं, त्यामुळे रविवार देऊ शकतो. पैसे थेट उद्यानाला देता येतात का? ८०जी (देणगीवरची आयकर-सवलत) मिळेल का? आणि माणसांनी नेमकं करायचं काय? एकाचं म्हणणं पाणवठे बांधून द्यावेत, दुसरा म्हणतो कोंबड्या नेऊन टाकाव्यात.

गवताळ

कोंबड्यांचं आधी मनातून काढून टाका. माणसाच्या हातून खाणं मिळतं हे कळलेला लांडगा गावाजवळ घुटमळू लागतो, आणि मग त्याच्यामागे काठ्या घेऊन लोक लागतात.

अमेरिकेतली ती ठिकाणं वेगळी. हौसेने पाळलेले आणि न झेपलेले लांडगा-कुत्रा संकर, जंगलात सोडता न येणारे लांडगे, असे प्राणी तिथे आयुष्यभर कुंपणात राहतात. त्यांना रोज मांस लागतं, डॉक्टर लागतो, म्हणून दत्तक योजना. आपल्याकडे लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय त्याला कुणी असं बाळगू शकत नाही. झारखंडमधलं महुआडांड १९७६ साली खास लांडग्यांसाठी जाहीर झालं, पण तेही मोकळं जंगलच. वेळावदर तर काळविटांचं राष्ट्रीय उद्यान, जेमतेम ३४ चौरस किलोमीटर. लांडग्यांच्या एका टोळीला याच्या कितीतरी पट मुलूख लागतो. म्हणजे तुमचे लांडगे बराच काळ उद्यानाबाहेर, भालच्या (उद्यानाभोवतालच्या सपाट मुलखाच्या) शेतांत आणि भरवाडांच्या (मेंढपाळांच्या) मेंढ्यांच्या आसपास असतात. मदतही तिथेच करायची.

पाणवठ्याबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. तीन मीटर व्यासाचा, मधोमध ३० सेंटिमीटर खोल असा बशीसारखा पाणवठा धरा. त्यात सुमारे ७०० ते १,००० लिटर पाणी मावतं आणि मे महिन्यात रोज ६०-७० लिटर नुसतं उन्हाने उडतं. टँकर थांबला की काही आठवड्यांत कोरडा. भरलेला राहिला तर गावची कुत्री तिथे मुक्काम ठोकतात, आणि लांडग्याचा खरा घात कुत्र्यांकडून होतो: डिस्टेंपर आणि पार्वो (कुत्र्यांचे विषाणूजन्य रोग), रेबीज आणि संकर. पैसा कुत्र्यांच्या लसीकरणात घाला.

पशुवैद्य_बडोदे

लसीकरणाला अनुमोदन, पण बेताने. मोकाट कुत्र्यांची शिबिरं होतात ती चहाच्या टपरीजवळ, कारण तिथली कुत्री सहज हाती लागतात. लांडग्याशी गाठ पडते ती कळपाबरोबर फिरणाऱ्या कुत्र्यांची. मेलेल्या मेंढीवर दोघे आळीपाळीने तोंड घालतात. आधी कळपांची कुत्री, मग शिवारातल्या वस्त्यांची, गावठाण शेवटी.

वेळ: भालची काळी माती पावसाळ्यात गाडी गिळते. लांडग्यांची पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत जन्मतात, आणि लसीचा असर यायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा महिना खरा कामाचा.

समजा निवडलेल्या गावांत मिळून २०० कुत्री आहेत. रेबीजसाठी किमान ७० टक्के, म्हणजे १४० टोचायची. रेबीजच्या दहा मात्रांच्या १५ बाटल्या घ्या. डिस्टेंपर-पार्वोसाठी डीएचपीपीआय या एकत्रित लसीच्या १५० मात्रा, शिवाय पिल्लांच्या दुसऱ्या मात्रेसाठी ३० (पहिली सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, दुसरी त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, रेबीज तीन महिने पूर्ण झाल्यावर). दुकानदार 'नाइन-इन-वन' लस गळ्यात मारायला बघेल. त्यातल्या लेप्टोस्पायरोसिसच्या भागाला दोन मात्रा लागतात आणि मोकाट कुत्रं दुसऱ्यांदा हाती लागत नाही, तेव्हा जास्तीचे पैसे पाण्यात. दोन मिलीच्या ३५० सिरिंज. दर टोचणीला नवी सुई, यात काटकसर नको.

सगळ्यात जास्त नासाडी थंड पेटीत होते. लस २ ते ८ अंशांत हवी, म्हणून लोक फ्रीझरमधून काढलेल्या बर्फाच्या पिशव्या थेट बाटल्यांना टेकवून ठेवतात. रेबीजची मृत (निष्क्रिय विषाणूंची) लस एकदा गोठली की संपली. दिसायला तशीच दिसते, टोचली तरी उपयोग शून्य. पिशव्या आधी बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच पेटीत, आणि मध्ये पुठ्ठा. पेटीत थर्मामीटर ठेवा. डीएचपीपीआयची पूड द्रावणात मिसळली की अर्ध्या तासात वापरा, एकदम दहा बाटल्या फोडून बसू नका. दोन्ही लसी एकाच सिरिंजमध्ये मिसळायच्या का, हे त्या कंपनीच्या पत्रकात पाहा. शंका असेल तर दोन वेगळ्या जागी टोचा.

टोचणार फक्त नोंदणीकृत पशुवैद्य. तुमच्या माणसांची कामं म्हणजे पेटी सांभाळणं, नोंद (गाव, मालक, नर-मादी, रंग, फोटो), जनावरांच्या खुणेच्या स्प्रेने पाठीवर पट्टा मारणं, आणि वापरलेल्या सुया सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकणं. सुईला टोपण परत लावायचं नाही, बोटं तिथेच टोचतात. चार जणांची तुकडी सकाळी सहा ते नऊमध्ये साधारण ४० कुत्री करते.

दांडियाबाजार

फारच उपयोगी, डॉक्टरसाहेब. कुत्री २०० आहेत की ४०० हे आधी कसं कळणार? आणि आमच्यातल्या कुणाला चावलं तर?

पशुवैद्य_बडोदे

लागोपाठ दोन पहाटे त्याच वाटेने फिरून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी दिसलेल्यांपैकी किती पहिल्या दिवशीच्या फोटोंत आहेत ते मोजा. पहिल्या दिवशी ६०, दुसऱ्या दिवशी ५०, त्यात जुनी २५, तर एकूण अंदाज ६० × ५० ÷ २५ = १२०. ढोबळ आहे, पण लस मागवायला पुरतं.

स्वयंसेवकांनी आधीच रेबीज-प्रतिबंधक लस घ्यावी: दिवस ०, ७ आणि २१ किंवा २८. म्हणजे सप्टेंबरमध्येच सुरुवात. तरी चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि दिवस ० व ३ अशा दोन मात्रा पुन्हा घ्यायच्या. आधी लस घेतलेल्याला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. हळद-तिखट काही लावू नका.

हिशेबनीस

पैशांचं सांगतो. उद्यानाच्या गेटवर कुणाच्या हातात रोख देऊ नका. वनखात्याला वस्तू द्यायच्या असतील तर भावनगरच्या कार्यालयाला पत्र लिहा, काय हवं ते लेखी मागवा आणि दिल्यावर डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद झाल्याची पोच घ्या. मात्र वस्तूंवर ८०जी नाही, ती फक्त पैशांच्या देणगीवर, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगीही चालत नाही. नव्या करपद्धतीत असाल तर ८०जीचा विषयच संपला.

लसीकरण करणाऱ्या संस्थेला द्यायचे असतील तर सगळी वर्गणी एकाच्या खात्यात गोळा करून पाठवू नका. प्रमाणपत्र त्या एकाच्याच पॅनवर निघेल. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून पाठवावं आणि पॅन कळवावा. संस्थेने देणग्यांचं विवरण भरलं की वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीई (देणगीचं प्रमाणपत्र) मिळायला हवा. पावती आहे पण १०बीई नाही, ही नेहमीची रड. पैसे देण्याआधीच मागच्या वर्षीचा एखादा नमुना दाखवायला सांगा.

बडोद्यात प्रत्येक घरातलं कुणीतरी न्यू जर्सीत असतंच, म्हणून हेही. भारतीय पासपोर्टवाल्या भावाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर ती विदेशी देणगी नाही. अमेरिकन नागरिक झालेला, ओसीआय कार्डवाला भाऊ मात्र विदेशी स्रोत ठरतो. संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं नसेल तर त्याचे पैसे घेऊच नयेत, तुमच्यामार्फत वळवूनही नाही.

भालवाला

डॉक्टरसाहेबांच्या यादीत एक भर. कळपाच्या कुत्र्याला जाळी टाकून धरू नका. भरवाड स्वतः मानेला धरून उभा राहतो, पण कुत्रं जाळ्यात ओरडलं की पुढच्या वर्षी तो तुम्हाला वाड्याजवळ फिरकू देणार नाही. संध्याकाळी कळप परतल्यावर जा, आणि आदल्या दिवशी एकाने जाऊन सांगून या.

उरलेले पैसे रात्रीच्या वाड्यांना द्या. नुसत्या काट्यांच्या कुंपणाखालून लांडगा उकरून आत शिरतो आणि कोकरू नेतो. दोन इंची छिद्रांची सहा फूट उंच जाळी, तळाशी एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी दुमडून वर दगड, आणि काटे जाळीच्या बाहेरून. दुमड आत ठेवली तर व्यर्थ, कारण लांडगा कुंपणाला अगदी चिकटूनच उकरायला लागतो. कळप हलते असतात म्हणून जाळी खांबांना कायमची न बांधता पाइपच्या सुट्या चौकटींवर बसवा, दोन माणसांना उचलता येईल एवढीच चौकट. लुकलुकणारे सोलर दिवे काही आठवडे चालतात, मग लांडगा सरावतो. जागा बदलत राहिलात तर थोडे जास्त टिकतात.

उद्यान १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, पण हे काम गावांतलं आहे, त्याला उद्यान उघडायची वाट बघायला नको. वाडे पावसाआधी, मेमध्येच उरका. आणि हिवाळ्यात कुणाला बिळाशी एकटी पिल्लं दिसली तर ती 'अनाथ' म्हणून उचलून आणू नका. आईबाप शिकारीला गेलेले असतात. फोटो न काढता मागे फिरायचं, बीट गार्डला (त्या भागाच्या वनरक्षकाला) कळवायचं आणि ती जागा व्हॉट्सॲपवर टाकायची नाही.