मदत हवी आहे: सैन्य पाठवून तेल मिळतं का? (उद्या बोलायचंय, अर्जंट!!)

घाईत_गणपत: लोकहो, उद्या सकाळी दहाला बोलायचंय आणि माझं डोकं पार बंद पडलंय. विषय ‘लष्करी कारवाईने परदेशातला तेलपुरवठा सुरक्षित करता येतो’. माझ्याकडे फक्त इराक २००३ आहे आणि तेपण अर्धवट, म्हणजे अमेरिकेला तिथलं तेल मिळालं की नाही मिळालं? एक व्हिडिओवाला म्हणतो सगळं लुटलं, दुसरा म्हणतो कपाळ मिळालं. पटकन सांगा, गुगल कर म्हणू नका.

पारावरचा: बाजूने की विरोधात?

सुमन_ताई: आणि किती मिनिटं? शाळा की कॉलेज?

तर्कट: इराकचं सांगतो. युद्धाआधी दिवसाला साधारण २५ लाख बॅरल निघायचे. अमेरिकेचं सैन्य आत शिरलं, विहिरी ताब्यात आल्या, पण उत्तर इराकमधल्या किर्कुकहून तुर्कस्तानला जाणारी पाइपलाइन सारखी कोणीतरी उडवायचं, आता शेकडो मैल पाइपाला कुठे कुठे पहारा देणार? जुनी पातळी गाठायलाच काही वर्षं गेली. २००९ ला लिलाव झाले, रुमैला हे सगळ्यात मोठं क्षेत्र ब्रिटिश बीपी आणि चीनच्या सीएनपीसी या तेल कंपन्यांना गेलं, तेही बॅरलमागे २ डॉलर मजुरीवर, तेलाची मालकी इराकचीच. अमेरिकन कंपनी एक्सॉनला वेस्ट कुर्ना-१ हे क्षेत्र मिळालं होतं, तेही नंतर सोडून गेले. आणि पुढे सर्वात मोठं गिऱ्हाईक कोण, तर चीन.

जुना_खलाशी: पुस्तकी माहिती. मी ८७-८८ ला आखातात टँकरवर होतो. इराण-इराक दोघंही जहाजांवर मारा करत होते, मग अमेरिकेने कुवेतच्या टँकरना स्वतःचा झेंडा लावून कॉन्व्हॉय काढले, म्हणजे युद्धनौकांच्या पहाऱ्यात जहाजांचे ताफे. जुलै ८७, पहिलाच कॉन्व्हॉय, आणि ब्रिजटन नावाचा अवाढव्य टँकर माइनवर, म्हणजे पाण्यातल्या सुरुंगावर गेला! बुडला नाही. मग गंमत बघा, राखणीला आलेल्या युद्धनौकाच त्याच्या मागे मागे चालायला लागल्या, कारण त्यांना माइन लागली असती तर संपलंच. पण तेल थांबलं नाही हे विसरू नका. कॉन्व्हॉय काढा, चालतं.

तर्कट: चालतं? त्याच मोहिमेच्या काळात, ३ जुलै १९८८ ला, अमेरिकन युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. ते पण धरा हिशेबात.

जुना_खलाशी: धरलंय. तेव्हा मी तिथेच होतो, तुम्ही कुठे होता?

काकदृष्टी: भांडू नका. खरं उदाहरण सुएझ १९५६. ब्रिटन-फ्रान्स त्यांचं तेल ज्यातून यायचं त्या कालव्यासाठी गेले, इजिप्तच्या अध्यक्ष नासेरने जहाजं बुडवून कालवाच बुजवला, सिरियात पाइपलाइनची पंपिंग स्टेशनं उडवली गेली, सौदीने तेल देणं बंद केलं, आणि लंडनमध्ये पेट्रोल कुपनावर आलं. ज्याच्यासाठी गेले तेच घालवून बसले.

बॅटरीवाला: एवढं कशाला, इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. मी दोन वर्षं वापरतोय, पंपावर गेलोच नाही.

सुमन_ताई: कुठली? घाटात चढते का?

घाईत_गणपत: अहो स्कूटर राहू द्या!! बाजूने बोलायचंय, चिठ्ठी तशी आली. ४ मिनिटं. कॉलेज.

पारावरचा: हे आधी सांगायला काय झालं होतं? सगळ्यांनी विरोधातलं टाईप करून दिलं तुला.

जुना_खलाशी: मग कुवेत १९९१ घे. सैन्य गेलं, इराकच्या ताब्यातून देश सुटला, तेल परत सुरू.

तर्कट: हो, इराकी सैन्याने जाताना ६०० च्या वर विहिरी पेटवल्या, विझायला नोव्हेंबर उजाडला, तेवढं सोडून.

जुना_खलाशी: विझल्या ना शेवटी? आणि इराकचा सद्दाम सौदीत शिरला असता तर काय झालं असतं, ते विचार समोरच्याला. उत्तर नसतं कोणाकडे.

घाईत_गणपत: काका, हे भारी. कुवेत आणि ब्रिजटन घेतो. युद्धनौका मागे गेल्या ते नाही सांगणार.

सुमन_ताई: आणि समोरचा हाच धागा वाचत असेल तर?

घाईत_गणपत: ॲडमिन, धागा उद्या दुपारपर्यंत लपवता येतो का?