पहिला फोन, बटणांचाच : तुमचे अनुभव सांगा

महालातली आई

आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. लेक यंदा नववीत गेली. शाळा सुटली की थेट शिकवणी, घरी यायला साडेसात. हिवाळ्यात तोवर काळोख होतो आणि आमच्या गल्लीत दर महिन्याला कोणी ना कोणी रस्ता खोदून ठेवलेला असतो. तिला फोन द्यायचा हे ठरलं. स्मार्टफोन द्यायचा नाही हेही ठरलं (तिचं मत विचारलेलं नाही). रविवारी बर्डीच्या बाजारात गेले. दुकानदाराने काचेवर अकरा डबे मांडले, मला अकराही सारखेच दिसले. याआधी बटणांचा फोन घेतला होता २००५ साली, आणि तोही भावाने निवडून दिलेला. शेवटी तर्री-पोहे खाऊन रिकाम्या हाती परत आले.

तर तुमचा पहिला साधा फोन कोणता, तोच का घेतला, किती वर्षं चालला आणि शेवटी कशाने गेला, ते लिहा. नुसतं 'अमुक घ्या' नको.

काटोलचा संत्रेवाला

ताई, माझा पहिला नोकिया ११००. २००४च्या संत्र्याच्या आंबिया बहाराच्या पैशातून घेतला. बोलासाठी घेतला असं सांगीन तर खोटं होईल, टॉर्चसाठी घेतला. आमच्याकडे विजेची लाईन यायची रात्री, मंग रात्रीच ओलीत. बांधावरून मोटारीपर्यंत जायचं तर एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात बॅटरी, फाटकाची कडी काढाले तिसरा हात कुठून आणू? ११०० छातीच्या खिशात उलटा ठेवून सी बटण दाबलं की पायापुढं उजेड. बटणांवर अख्खं एकच रबर होतं, म्हणून मातीचा कण आत जात नव्हता.

एकदा तो तोडणीच्या वक्ताले पेटीत पडला. पेटी गाडीत, गाडी कळमन्याच्या बाजारात. बायकोनं शेजारच्याच्या फोनवरून लावला तं अडत्यानं उचलला, म्हणे, "भाऊ, तुमचा माल बोलून राहिला!" वरून वीस किलो संत्रा होता, फोनले काही झालं नव्हतं. माझ्याकडे सहा वर्षं चालला, मंग भाच्यानं नेला.

वाडीहून, ट्रान्सपोर्ट लाईन

माझा नोकिया ३३१०, तोही जुना घेतलेला, २००२मध्ये. तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे कटायचे. मे २००३पासून इनकमिंग फुकट झालं, पण ते आपल्या सर्कलपुरतं, म्हणजे साधारण आपल्या राज्यापुरतं. माझी लाईन छिंदवाड्याची. सावनेर गेलं, केळवद गेलं की मध्य प्रदेश लागला, रोमिंग सुरू, म्हणजे आलेल्या कॉलचे पुन्हा पैसे. फोनमध्ये सेल इन्फो म्हणून एक सेटिंग असायचं, चॅनल ५० टाकलं की स्क्रीनवर टॉवरच्या गावाचं नाव यायचं. क्लीनर त्याकडे डोळे लावून बसायचा. केळवदच्या पुढे नाव बदललं की ओरडायचा, "उस्ताद, बंद करा!" घरचे समजून घ्यायचे, फोन बंद म्हणजे गाडी पार झाली.

कॅबिनमधून डांबरावर किती वेळा पडला मोजलं नाही. पडला की पाठ एकीकडे, बॅटरी एकीकडे, सिम सीटखाली. तिन्ही गोळा करून लावायचे. आता वाटतं, असा सुटा होत होता म्हणूनच टिकला असेल.

बर्डीचा मेकॅनिक

वरच्या भाऊंचं बरोबर आहे. पडल्याचा झटका बॅटरी उडण्यात निघून जायचा, बोर्डापर्यंत पोचत नव्हता. मी २००६पासून बर्डीवर टेबल टाकून बसतो, थोडं लंबं लिहितो, चालवून घ्या.

ताई, आधी फोन पाहू नका, सिम पाहा. जिओचं २जी, म्हणजे जुन्या पिढीचं नेटवर्क नाहीच. २जी हँडसेटात ते सिम टाकलं तर डब्बाच राहणार, नेटवर्क येणारच नाही. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल २जीवर चालतात. लोक माझ्याकडे नवाकोरा फोन घेऊन येतात, "खराब निघाला" म्हणतात. फोन चांगलाच असते, माणसानं डब्यावर ४जी लिहिलंय का ते पाहिलेलं नसते. त्या अकरा डब्यांतले अर्धे तुमच्यासाठी तिथंच बाद झाले असते.

दुसरी गोष्ट बॅटरी. फोन किती टिकते हे कंपनीपेक्षा त्याची बॅटरी नाक्यावर मिळते का यावर ठरते. ११०० एवढा चालला त्याचं अर्धं कारण मी बीएल-५सीला देतो. तीच बॅटरी पाच-पन्नास मॉडेलांत बसायची, पुढं लोकांनी भजनाच्या लहान रेडिओतही तीच टाकली. चार्जर हरवला तर बॅटरी काढून चिमट्याच्या चार्जरात लावायची, काम भागलं. आज घेताना मागचं झाकण नखानं उघडून पाहा. बॅटरी निघत असेल आणि तिचा नंबर दुसऱ्या दुकानातही ओळखीचा असेल तर घ्या. नसेल तर दोन वर्षांनी फोन चांगला आणि बॅटरी नाही म्हणून फेकाल.

बॅटरीवरून आठवलं. ऑगस्ट २००७मध्ये नोकियानं जाहीर केलं की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता या जपानी कंपनीनं बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात, बदलून देऊ. टीव्हीवर बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर रांग! लोक बॅटरी रुमालात गुंडाळून, हात लांब धरून आणत होते. एक काका बादलीत घेऊन आले, पाण्याच्या. नंबर पाहिला तर ती त्या मालातली नव्हतीच, आणि आता भिजल्यामुळं गेलेली. आमच्याकडं तेव्हापासून घाबरट गिऱ्हाइकाला 'बादलीवाले काका' म्हणतात.

पाण्याचं निघालंच तर, मे महिन्यात माझ्याकडं येणारे फोन बहुतेक कुलरच्या टाकीतले. रात्री कुलरवर ठेवतात, थरथरीनं घसरत जाऊन आत पडते. त्या पाण्यात खार असते, वाळलं की बोर्डावर पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसते. पडल्या पडल्या बॅटरी काढली, चालू करून पाहिला नाही, तर साधा फोन दहातून सात वेळा उठतो हा माझा हिशोब. तांदळात ठेवू नका हो, कोंडा चार्जिंगच्या पिनमध्ये जातो, मग मला सुईनं काढत बसावं लागते.

आणि जुना फोन कोणी देत असेल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. पंधरा आकडे आले पाहिजेत, ते बॅटरीखालच्या स्टिकरशी जुळले पाहिजेत. २००९च्या शेवटी हा नंबर, म्हणजे आयएमईआय, नसलेले चायना फोन एका रात्रीत बंद पडले होते. दोन सिम, चार स्पीकर, लग्नात डीजेऐवजी चालेल असा आवाज, आणि सकाळी नुसतं खेळणं.

इमामवाड्याचा नातू

आमच्या आजीला अक्षरओळख नाही. तिचा पहिला फोन आम्ही २०१३ला घेतला, नोकिया १०५. निवड करताना कोणी बॅटरी पाहत होतं, कोणी किंमत. आजीने फोन हातात घेऊन डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मधल्या बटणावर तीळ आहे."

पाचच्या बटणावर तो बारीक उंचवटा असतो, मला इंजिनिअरिंग करून माहीत नव्हता. आम्ही स्पीड डायल लावून दिलं, एकच बटण दाबून धरलं की कॉल. तिळाच्या वर मोठा काका, डावीकडे आई, उजवीकडे आत्या, खाली दवाखाना. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत ती एकदा आमच्यापासून सुटली. आम्ही तिघं तिला शोधतोय, नेटवर्क जॅम, कॉल लागत नाहीत. तासाभराने आईला मेसेज आला, कोरा. आजीला मेसेज करता येत नाही, तिने हाताला लागेल ते दाबलं होतं. पण आला म्हणजे फोन चालू आहे आणि ती शांत आहे, एवढं कळलं. पुस्तकांच्या स्टॉलपाशी बसलेली सापडली, बाजूच्या बाईला तीळ दाखवत होती.

सदरहून

सगळं ऐकायला गोड आहे. पण नववीची मुलगी मैत्रिणीच्या स्मार्टफोनवर सगळं पाहणारच. साधा फोन देऊन काय अडवणार?

महालातली आई

अडवायला नाही देत आहे हो. रस्ता खोदलेला असतो, म्हणून देते आहे.

अभ्यासिकेतला

दोन वर्षांपासून बटणांचा वापरतो, स्पर्धा परीक्षेची तयारी. सुरुवातीला फुशारकी होती, आता सवय. खरं सांगायचं तर अडतं. फॉर्म भरायला मित्राचा फोन, प्रवेशपत्राला सायबर कॅफे. चहाच्या टपरीवर सुटे नाहीत म्हणून दोनदा उधारी झाली. मार्च २०२२मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आलंय, आवाजी मेनूवरून पैसे जातात. मी वापरून पाहिलं, मागे चार जण चहासाठी उभे असताना बटणं दाबत बसणं माझ्याच्याने होत नाही. ओटीपी मात्र बिनबोभाट येतात.

एक कामाचं: डिसेंबर २०२४मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवायला सांगितलं. दुकानदार स्वतःहून सांगत नाही, मागून घ्या. लेकीला डेटा कशाला भरता?

महालातली आई

घेतला. मेकॅनिकभाऊंचं वाचून आधी घरातली सिमं तपासली. जे सिम तिला द्यायचं होतं ते नेमकं जिओचं. रविवारी एक लाल फोन जवळजवळ घेतलाच होता, तो २जी होता. वाचले.

आता ४जीचा घेतलाय, काळा, दोन हजारांच्या आत. दुकानात झाकण नखाने उघडलं, बॅटरी काढली, तिचा नंबर शेजारच्या दुकानात जाऊन दाखवला. दुकानदार वैतागला. म्हणाला, "मॅडम, मोबाईल घेऊन राहिल्या की फ्लॅट?" टॉर्च दिवसाउजेडी पाहून काय कळणार, म्हणून काउंटरखाली वाकून पाहिली. पाचवर तीळ आहे.

लेकीने डबा उघडला, फोन उलटसुलट केला आणि "हा कोणाचा?" असं विचारलं. एक दिवस बोलली नाही. काल शिकवणीला नेला. ठरलं होतं की निघताना मिस कॉल द्यायचा, उचलायचा नाही, पैसे वाचवायला नाही तर ती सायकलवर बोलत बसू नये म्हणून. सव्वासातला वाजला. दोनदाच. मी हातात धरूनच बसले होते, तरी उचलला नाही.