सामाईक जमिनीच्या मेलला उत्तर कोणाला जावं: सगळ्यांना की एकालाच?

आंब्याची मेर (धागाकर्ता)
मालवण तालुक्यात आमची जमीन सामाईक. सातबारावर नावांची रांग. निम्मे मुंबईत, काही आखातात. वाटपाची बोलणी व्हावीत म्हणून गूगल ग्रुप्सवर एक पत्ता केला. त्यावर मेल टाकली की साऱ्या भाऊबंदांना पोचते. परवा वारस नोंदीसाठी कागद मागवले, तर एका पुतण्याने आधार, पॅन आणि पासबुकाचं पहिलं पान उत्तरात जोडलं. गेलं सगळ्यांना! जीमेलमध्ये मेल मागे घ्यायला फार तर ३० सेकंद मिळतात. नंतर ग्रुपमधून पुसली तरी लोकांच्या इनबॉक्समध्ये ती राहतेच. माझं ठाम मत आहे, उत्तर फक्त मूळ लिहिणाऱ्याला जावं. ग्रुपच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे.

परळचो चाकरमानी
काकानू, माका ह्यां पटना नाय. उत्तरं एकट्याकडे गेली की कोण काय बोललं ते बाकीच्यांना कळणार कसं? गावात एकाला हो म्हणायचं आणि मुंबईत दुसऱ्याला नाही, सामाईकातले तंटे इथूनच वाढतात. आमच्याकडे मोजणीच्या वेळी चुलतभावाने हरकत लेखी घेतली, सगळ्यांना दिसेल अशी. पुढे "माका म्हायत नव्हतां" म्हणायला कुणाला जागा उरली नाही. पुतण्याचं चुकलं म्हणून सगळ्यांचीच तोंडं का बंद करता?

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण
उत्तर कोणाला जातं त्यावर भांडताय, पण यादीत कोण आहे ते कुणी बघितलंय का? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. तरी माझ्या माहेरच्या यादीत आम्हा बहिणींचे पत्ते नाहीत. एकीच्या जागी तिच्या नवऱ्याचा पत्ता घातलाय. हिस्सा तिचा, मेल त्याला! आधी प्रत्येक हिस्सेदाराचा स्वतःचा पत्ता घाला. आणि ज्यांनी ग्रुप केलेला नाही, ते नुसतेच सगळे पत्ते 'टू'मध्ये ओततात. ती मेल पुढे कुणी एजंटाला ढकलली की अख्ख्या घराण्याचे पत्ते त्याच्या हातात. निव्वळ कळवायचं असेल तर 'बीसीसी' वापरा, त्यात एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.

आंब्याची मेर
ताई, बहिणींचं शंभर टक्के खरं. आमची यादी आजच तपासतो. पण चाकरमानीदादा, रोज "ओके", "नमस्कार" आणि "माझं नाव काढा" सगळ्यांना येत राहिलं की मोजणीच्या तारखेची मेलही कुणी उघडत नाही. नाव काढायला वेगळा पत्ता असतो: ग्रुपच्या नावाला 'प्लस अनसबस्क्राइब' जोडायचं आणि त्या पत्त्यावर मेल टाकायची. यादीचा पत्ता आणि नावं घालण्या-काढण्याच्या कारभाराचा पत्ता वेगळे ठेवायची रीत १९९७ पासून इंटरनेटच्या मानकांत लिहिलेली आहे. आधार-पासबुकासारख्या कागदांसाठीही असाच वेगळा पत्ता करू.

परळचो चाकरमानी
कारभार वेगळ्या पत्त्यावर, कागदही वेगळ्या पत्त्यावर, दोन्ही मान्य. "ओके"वाल्यांना समजावू. हरकत आणि संमती मात्र सगळ्यांसमोरच यायला हवी, त्यात मी मागे हटणार नाही. आणि काकानू, कागदांचा तो पत्ता उघडणार कोण? ज्याच्या हाती आधार-पासबुकं जाणार, तो माणूस आधी सगळ्यांना विचारून ठरवा. बहिणींनाही.