मदत हवी आहे: मुलीच्या लिखित दिनक्रमात दुपारी काय लिहू?

मुलगी सहा वर्षांची, नुकतीच साधे शब्द वाचायला लागली आहे. फ्रिजवर तिच्या उंचीला कागद लावलाय, मुद्दाम जोडाक्षरं टाळून: 'दात घास', 'बाटली भर', 'केस विंचर'. एकेक ओळ बोट ठेवून वाचते, काम झालं की पेन्सिलीनं खूण करते. सकाळी आता मागे लागावं लागत नाही, याचा फार आनंद आहे.

अडचण दुपारची. आपल्या विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात आणि नागपुरात पारा ४५च्या घरात, म्हणजे अंगणही बंद. कागदाचा तो भाग रिकामाच राहतो, मग दर पाच मिनिटांनी "आई, आता काय करू?"

तिला एकटीला जमतील अशी घरातली कामं सुचवाल का? शिवाय, वेळ लिहावी की नुसता क्रम? घड्याळ अजून कळत नाही, म्हणून मला क्रमच बरा वाटतो.